टंचाईचा थाट

व्यापाराच्या तोंडी पडलेले शब्द फार काळ आपल्या मूळ अर्थाशी इमान राखीत नाहीत, हा अनुभव नवा नाही. ‘शुद्ध’ म्हणून विकले जाणारे तूप, ‘घरगुती’ म्हणून विकले जाणारे लोणचे आणि ‘अखेरचे तीन दिवस’ म्हणून तीन-तीन महिने चालणारा सेल यांना आपले लोक सरावले आहेत. ते ऐकतात, हसतात आणि घासाघीस करून पुढे जातात. परंतु गेल्या काही वर्षांत एक शब्द असा पुढे आला आहे की, त्याच्यासमोर चांगली शहाणीसुरती माणसेही हसणे विसरतात. तो शब्द म्हणजे ‘मर्यादित आवृत्ती’. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत तरुण मंडळी ज्याला ‘लिमिटेड एडिशन’ म्हणतात, तो. एखाद्या बड्या डिझायनरने स्वस्त तयार कपड्यांच्या एखाद्या जगभर पसरलेल्या दुकानाशी हातमिळवणी करावयाची, थोडासा माल काढावयाचा, अमुक दिवशी अमुक वाजता तो विक्रीस खुला होईल अशी दवंडी पिटवावयाची, आणि काही मिनिटांतच ‘माल संपला’ अशी पाटी लावून मोकळे व्हावयाचे, असा हा खेळ आहे. या खेळास कोणी कलेचा प्रसार म्हणतात, कोणी फॅशनमधील लोकशाही म्हणतात. आमच्या मते तो या दोहोंपैकी एकही नाही, आणि तसे का, हे सांगण्यासाठीच आज आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

आमचे म्हणणे आडपडदा न ठेवता आरंभीच सांगून टाकतो. मनुष्याच्या हाताचा धर्म मर्यादा हा आहे, आणि यंत्राचा धर्म वैपुल्य हा आहे. येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावर मोर उतरवितो, तेव्हा प्रत्येक रंगाचा धागा त्याला वेगळ्या कांडीने गुंतवावा लागतो. साध्या पैठणीस कित्येक आठवडे, आणि भरगच्च पदराच्या पैठणीस कित्येक महिने लागतात. अशा पैठण्या थोड्या असतात, याचे कारण हात दोन असतात आणि दिवसाचे तास मोजके असतात. या मर्यादेस कोणी जाहिरात करून जन्म दिलेला नाही. ती श्रमाच्या पोटीच जन्मास येते. याउलट छपाईच्या यंत्राचे पाहा. नक्षी एकदा त्यात भरली की, हजार वार कापड छापणे आणि लाख वार छापणे यांत यंत्रास काहीच फरक वाटत नाही. यंत्राचा सारा पुण्यप्रभाव यातच आहे की, जे पूर्वी दहांना मिळत होते ते आता दहा हजारांना मिळावे. हाताने केलेली वस्तू दुर्मीळ व महाग, यंत्राने केलेली वस्तू मुबलक व स्वस्त, हा सौदा दोन्ही बाजूंनी सरळ आहे. ‘मर्यादित आवृत्ती’वाल्यांनी काय केले? त्यांनी यंत्राकडून कमी खर्च घेतला आणि हाताकडून दुर्मीळपणा उसना आणला. परंतु हाताला त्याची मजुरी दिली नाही आणि गिऱ्हाइकाला यंत्राचे वैपुल्यही दिले नाही. दोन्हींकडचे लोणी काढून घेऊन ताक मात्र दोघांना वाटून दिले!

हा आरोप आम्ही हवेत करीत नाही. या खेळाचा आपल्या देशातील सर्वांत गाजलेला प्रयोग १२ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. कोलकात्याचे प्रख्यात डिझायनर सब्यसाची मुखर्जी आणि एच अँड एम ही स्वीडनची कंपनी यांनी ‘वाँडरलस्ट’ नावाची कपड्यांची मालिका त्या दिवशी विक्रीस काढली. या कंपनीने भारतीय डिझायनरशी केलेला हा पहिलाच सहयोग होता. मूळ बेत २०२० च्या एप्रिलचा होता. महामारीमुळे तो सव्वा वर्ष लांबला. ज्यांच्या लग्नाच्या वस्त्रांच्या किमती लाखांत मोजतात, त्यांचे नाव असलेला कपडा आता सामान्य माणसाच्या आटोक्यात येणार, असा डंका आधी पुष्कळ दिवस वाजत होता. प्रत्यक्षात काय झाले? विक्री सुरू होताच संकेतस्थळे अडखळली, माल काही मिनिटांत संपला, आणि त्यातलेच कपडे थोड्याच वेळात इतरत्र चढ्या भावाने पुन्हा विकावयास निघाले. या मालिकेतील साडीची किंमत ९,९९९ रुपये होती. एक रुपया कमी ठेवून दहा हजारांचा आकडा टाळण्याची युक्ती तर गल्लीतल्या चप्पलच्या दुकानदारासही ठाऊक आहे. परंतु तितक्या रकमेत इरकल किंवा महेश्वर येथील हातमागाच्या एकाहून अधिक साड्या घरी येतात, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘आटोक्यातली’ या विशेषणाचा अर्थ वाचकांस आपोआप उमगेल.

त्या आठवड्यात आमची मुंबई कोणत्या स्थितीत होती, याचेही स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. लोकल गाड्या सर्वसामान्य प्रवाशांस बंद होत्या. लसीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस उलटलेल्यांस त्या १५ ऑगस्टपासून खुल्या झाल्या. मॉलचे दरवाजेही त्याच १५ तारखेस उघडावयाचे होते. म्हणजे ज्या दिवशी ही ‘लोकशाही’ अवतरली, त्या दिवशी बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या नागरिकास गाडीत पाय ठेवण्याची सोय नव्हती आणि मॉलची पायरी चढण्याचीही नव्हती. कपडा हातात धरून पाहावा, पोत चाचपावा, उजेडात नेऊन रंग पारखावा, घडी उलगडून काठ न्याहाळावा, हे सारे ज्या खरेदीत गृहीत असते ती खरेदी डोळे मिटून, फोनच्या काचेवर बोट आपटून, घड्याळाच्या काट्याशी शर्यत लावून करावयाची होती. आपल्या घाटकोपरच्या किंवा मालाडच्या साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून पन्नास साड्या उलगडून घेणाऱ्या आणि ‘दादा, तो वरचा मोरपंखी दाखवा’ म्हणून पुन्हा नव्याने सुरुवात करणाऱ्या गृहिणीस जो अधिकार आहे, तो अधिकारच या व्यवहारात काढून घेतलेला होता. ज्या व्यवहारात गिऱ्हाइकास विचार करण्यास वेळ मिळू नये हीच योजना असते, त्यास आम्ही बाजार म्हणावे की झुंबड?

आता कोणी म्हणेल की, माल लवकर संपला हा लोकांच्या उत्साहाचा परिणाम. कंपनीचा त्यात दोष कोणता? या प्रश्नाचे उत्तर आमच्यापेक्षा अधिकारी माणसाने पूर्वीच देऊन ठेवले आहे. एच अँड एमने हा प्रकार प्रथम २००४ च्या नोव्हेंबरात केला, तेव्हा तिचा सहयोगी होता पॅरिसचा थोर डिझायनर कार्ल लागरफेल्ड. तेव्हाही माल बघता बघता संपला. त्यानंतर खुद्द लागरफेल्डनेच एका जर्मन साप्ताहिकापाशी उघड तक्रार केली की, कंपनीने मुद्दाम फार थोडा माल काढला आणि असंख्य लोकांस, विशेषतः लहान गावांतील लोकांस, रिकाम्या हाताने परत पाठविले. ज्याच्या नावाने खेळ मांडला त्यानेच खेळाचे मर्म उघडे करावे, यापरता पुरावा कोणता हवा? ही रीत एका कंपनीपुरतीही राहिली नाही. २०११ च्या सप्टेंबरात टार्गेट या अमेरिकी दुकानाने मिस्सोनी या इटालियन घराण्याचा माल काढला, तेव्हा त्याचे संकेतस्थळ कोलमडले. पहिल्या वेळी मागणीचा अंदाज चुकला असे म्हणता येईल. परंतु वर्षानुवर्षे तोच अंदाज त्याच दिशेने चुकत राहिला, तर त्यास चूक म्हणणे हा भाषेवर अन्याय होईल. टंचाई हाच येथील खरा माल आहे, आणि कपडा हे त्याचे वेष्टन आहे.

मोठ्या कलावंताची कृती सामान्य घरात पोचविण्याचा हाच एक मार्ग आहे, असे जे समजतात, त्यांना आम्ही फार दूर नेणार नाही, घाटकोपरपर्यंतच नेऊ. राजा रविवर्मा हा चित्रकार काही सामान्यांचा चित्रकार नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने पौराणिक प्रसंगांची १४ चित्रे काढली. संस्थानिकांचे दिवाणखाने हेच त्याच्या चित्रांचे घर होते. त्याच रविवर्म्याने १८९४ साली आमच्या या घाटकोपरात शिळाछापाचा छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आणवले. आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांच्या रंगीत छापील प्रती देशभर पाठविल्या. पुढे १८९९ मध्ये तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या प्रतींवर ‘मर्यादित’ हा शब्द नव्हता. त्या संपल्या की पुन्हा छापल्या जात. त्या कोकणातल्या माजघरात लागल्या, सोलापूरच्या पेढीवर लागल्या, मुंबईच्या चाळीतील देवघरात लागल्या. कित्येक घरांतील बायकांनी त्या लक्ष्मीच्या लुगड्यावर जरीचे तुकडे व टिकल्या चिकटवून ते चित्र आपल्या हाताने अधिक आपले केले. इतर छापखान्यांनी त्यांच्या नकला केल्या, दिनदर्शिकांवर व आगपेट्यांवर ती रूपे झळकली. कापडाच्या ताग्यांवर चिकटविण्याच्या रंगीत चिठ्ठ्यांवरही ती पोचली. पुढच्या पिढीतील रसिकांनी या चित्रांस बाजारू म्हणून नाके मुरडली. त्या वादात आज आम्ही शिरत नाही. आमचा मुद्दा इतकाच की, राजवाड्यातील कला चाळीत नेण्याचे जे काम ‘मर्यादित आवृत्ती’वाले आज करू पाहतात असे सांगतात, ते काम सव्वाशे वर्षांपूर्वी याच उपनगरात एकाने खरोखर करून दाखविले, आणि त्याने ते टंचाईने केले नाही, मुबलकतेने केले.

आणि तो एकटाच नव्हता. मुंबईच्या गिरण्यांनीही तेच केले. खटाऊ, मफतलाल यांसारख्या गिरण्यांच्या छापील वायलच्या साड्या नेसून आमच्या दोन पिढ्यांच्या बायका कचेऱ्यांत गेल्या, शाळांत शिकवावयास गेल्या, लोकलच्या बायकांच्या डब्यात उभ्या राहिल्या. त्या साड्यांवरील वेली, बुट्टे, कोयऱ्या कोणी तरी शिकलेल्या हातानेच रेखाटलेल्या असत. परंतु काठाच्या टोकाशी छाप असे तो गिरणीचा. एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे सदरे शिवावेत आणि दिवाळीच्या दिवशी घरभर एकच चौकडा फिरावा, ही आमच्या मध्यमवर्गाची ‘अमर्यादित आवृत्ती’ होती. तिला आम्ही हसलो असू, पण तिने कोणास दुकानाच्या दारातून हिणवून परत पाठविले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव उद्ध्वस्त झाला, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. आणि ज्या शहरात कापड निघत होते त्या शहरात आता कापडाची केवळ ‘आवृत्ती’ निघते, हा काळाचा विनोद मोठा कडू आहे.

येथवर आम्ही गिऱ्हाइकाची बाजू मांडली. कारागिराची बाजू याहून गंभीर आहे. ‘वाँडरलस्ट’च्या जाहिरातीत भारतीय हस्तकलेचा सुगंध जागोजागी शिंपडलेला होता. कापडावरील नक्षी पाहताच जयपूरजवळच्या सांगानेरची आठवण व्हावी अशी होती. सांगानेरात लाकडी ठसे रंगात बुडवून, हाताने कापडावर मारून, एकेक फूल जुळवीत छपाई करणारी घराणी आहेत. त्या छपाईस भौगोलिक उपदर्शनाची सरकारी नोंदही मिळालेली आहे. परंतु ही नक्षी छापली यंत्राने. तेव्हा दस्तकारी हाट समितीच्या जया जेटली व हस्तकलेच्या क्षेत्रातील अनेक संस्था यांनी मिळून सब्यसाचींना एक खुले पत्र लिहिले. त्यांचे गाऱ्हाणे असे होते की, नाव भारतीय कारागिरीचे घेतले, परंतु भारतीय कारागिरास त्यातून काम मिळाले नाही. एका मोठ्या संधीची माती झाली. प्रदर्शने बंद, बाजार बंद, पर्यटक नाहीत, अशा दोन वर्षांत हे पत्र लिहिले गेले, हे विसरता कामा नये. आणखी एक योग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९०५ साली ७ ऑगस्ट या दिवशी कोलकात्यात स्वदेशीची चळवळ पुकारली गेली, म्हणून हाच दिवस २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळतात. त्या दिवसानंतर अवघ्या पाच दिवसांनी, त्याच कोलकात्याच्या डिझायनराच्या नावाने, हाताची नक्षी यंत्रावर चढून परदेशी कंपनीच्या दुकानात उभी राहिली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आमच्या आजीबाईंनी बहुधा अशाच प्रसंगासाठी जपून ठेवली असावी.

या टीकेस सब्यसाचींनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता की, भारतीय डिझाइन जगाच्या नकाशावर आणणे हा या उपक्रमाचा हेतू होता. हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. सब्यसाचींनी आपल्या मोलाच्या कामात विणकर व भरतकाम करणाऱ्यांस काम दिले आहे, हेही आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु नकाशावर नाव कोणाचे चढले, हा प्रश्न उरतोच. सांगानेरचे चढले काय? त्या ठशांचे चढले काय? नकाशावर चढले ते एका व्यक्तीचे नाव. आणि नाव ही आजकाल केवढी भांडवली वस्तू झाली आहे हे त्याच वर्षाच्या जानेवारीत दिसले, जेव्हा आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने सब्यसाचींच्या व्यवसायाचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांस घेण्याचे ठरविले. व्यवसायाचे मोल व्हावे यात गैर काही नाही. परंतु ज्या परंपरेच्या पुण्याईवर त्या नावास एवढे मोल आले, तिचा वाटा मागितला की ‘हा उपक्रम निराळा आहे’ असे उत्तर मिळावे, हे न्यायाचे नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो. ते म्हणतात, ‘हाताने केलेला माल एवढ्या मोठ्या दुकानास पुरणार कसा? यंत्रावाचून गत्यंतर नाही.’ हा आक्षेप आम्हांस फार प्रिय आहे, कारण तो आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो. माल मर्यादित होता, असे तुम्हीच सांगता. मग हाताची मर्यादा आड कशी आली? आणि यंत्रावर छापावयाचे होते तर ते मर्यादित का? मागणी आहे तोवर छापीत राहावयाचे होते! एकतर थोडे काढा आणि हाताने काढा, किंवा यंत्राने काढा आणि हवे तितके काढा. या दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. थोडेही काढावयाचे आणि यंत्रानेच काढावयाचे, ही तिसरी वाट केवळ नफ्याच्या दिशेने जाते. हाताने केले असते तर किंमत परवडली नसती, ही पळवाटही बंद आहे. ठशांची हातछपाई असलेल्या सुती साड्या त्या ९,९९९ रुपयांहून कितीतरी कमी किमतीत हस्तकलेच्या प्रदर्शनांत आजही मिळतात.

तिसरा आक्षेप आमच्यावरच आहे, आणि तो आम्ही टाळीत नाही. ‘तुम्ही लेखकमंडळी बायकांच्या हौसेस नावे ठेवता, एखाद्या कारकून मुलीने महिन्याच्या पगारातून एक नावाजलेली साडी घेतली तर तुमचे काय गेले?’ असे विचारणारे पुष्कळ आहेत. आमचे उत्तर असे की, त्या मुलीच्या हौसेबद्दल आमच्या मनात आदरच आहे; तो आदर दुकानदाराच्या मनात नाही, एवढीच आमची तक्रार आहे. अंधेरीच्या कचेरीत दिवसभर राबणारी, गर्दीच्या गाडीत लोंबकळत घरी परतणारी मुलगी स्वतःसाठी काही सुंदर वस्तू मागते, यात हलके काहीही नाही. सौंदर्यावर तिचा हक्क राजवाड्यातील राणीइतकाच आहे. पण तो हक्क तिला हक्क म्हणून मिळत नाही. बारा वाजता उघडणाऱ्या आणि बारा वाजून दहा मिनिटांनी बंद होणाऱ्या दाराची कृपा म्हणून मिळतो. जिला मिळाले ती शेजारणीपेक्षा वरचढ ठरते आणि जिला मिळाले नाही ती स्वतःला मागासलेली समजते. सुंदर वस्तू दहाजणींस मिळाली म्हणून आनंद वाटण्याऐवजी, ती उरलेल्या नऊजणींस मिळाली नाही म्हणून आनंद वाटावा, अशी मनाची घडण करणे यास आम्ही रसिकतेचे शिक्षण म्हणू शकत नाही. जुनी श्रीमंती निदान ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे तोंडावर सांगत असे. ही नवी तऱ्हा ‘हे तुझ्याचसाठी आहे’ असे सांगून दार लावून घेते.

या साऱ्यावर ‘आता जग असेच चालणार’ असा सुस्कारा टाकणाऱ्यांसाठी आणखी एक अलीकडचे उदाहरण देतो. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या अतिश्रीमंत घराण्याने पुरुषांच्या पोशाखाचे प्रदर्शन केले, तेव्हा त्यातील चपला पाहून सारा महाराष्ट्र चमकला. कारण त्या उघड उघड कोल्हापुरी होत्या, आणि कोल्हापूरचे नाव मात्र कोठेच नव्हते. या चपलेस २०१९ साली भौगोलिक उपदर्शन मिळालेले आहे. ते महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे असून त्यात दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे येतात. महाराष्ट्रात ओरड झाली, व्यापारी संघटनेने पत्र लिहिले, आणि त्या घराण्यास ही प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य करावे लागले. त्याची माणसे कोल्हापुरास येऊन गेली. आणि २०२५ च्या डिसेंबरात या दोन महामंडळांशी करार होऊन महाराष्ट्र व कर्नाटकात २,००० जोड तयार करून घेण्याचे जाहीर झाले, किंमत जोडास सुमारे ८०० युरो. त्या किमतीतील किती भाग चामडे कमावणाऱ्याच्या व टाके घालणाऱ्याच्या घरी पोचतो, यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागेल. आम्ही टाळ्या पिटण्याची घाई करीत नाही. परंतु दोन गोष्टी या प्रकरणात पक्क्या झाल्या. एक, संख्या किती ते सांगता येते. दोन, वस्तू कोठे व कोणाच्या हातांनी होणार ते सांगता येते. जे अतिश्रीमंतांच्या दुकानास बोभाट्यानंतर का होईना जमले, ते ‘सामान्यांच्या’ दुकानास का जमू नये?

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही माफक आहेत. पहिली मागणी : जो माल ‘मर्यादित’ म्हणून विकावयाचा, त्याच्या चिठ्ठीवर एकूण किती नग काढले तो आकडा छापावा. मुद्राचित्रे काढणारे चित्रकार आपल्या प्रत्येक प्रतीवर ‘एवढ्यांपैकी इतकावी’ असा क्रमांक स्वतःच्या हाताने घालतात; जो मर्यादेचा मान मागतो त्याने मर्यादेचा हिशेब द्यावा, ही त्या व्यवसायाची जुनी रीत आहे. दुसरी मागणी : नक्षी हाताची की यंत्राची, आणि ती कोणत्या गावच्या परंपरेतून घेतली, हे त्याच चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. हातमागाच्या कापडास ओळखचिन्ह देण्याची सोय आपल्याकडे २००६ पासून आहे. हाताने केलेल्याने ओळख द्यावी आणि हाताची नक्कल करणाऱ्याने मौन पाळावे, हा न्याय उफराटा आहे. तिसरी मागणी : ज्या गावाचे नाव किंवा नक्षी घेतली, त्या गावातील कारागिरांस काम द्यावे, काम देणे खरोखरच अशक्य असेल तर विक्रीतील ठरलेला वाटा त्यांच्या संस्थेस द्यावा. आणि हे दोन्ही नको असेल, तर आपल्या कल्पनेने नवी नक्षी काढावी व रविवर्म्याप्रमाणे मागणी आहे तोवर छापावी. आम्ही पहिल्या प्रतीचे स्वागत करू.

कायदे व कंपन्या यांची चाल मंद असते, हे आम्ही जाणतो. परंतु गिऱ्हाइकाची जीभ मंद असण्याचे कारण नाही. मुलुंडच्या, बोरिवलीच्या, पार्ल्याच्या सभागृहांत भरणाऱ्या ग्राहकपेठांत आमच्या भगिनी विणकरास खोदून खोदून विचारतात : सूत कोणते, रंग जाईल काय, किती दिवस लागले, एवढी किंमत का? शंभर रुपये कमी करून घेतल्यावाचून त्या हलत नाहीत. जो विणकर रात्रीच्या गाडीने गाठोडे घेऊन आला, त्याला एवढे प्रश्न; आणि ज्या मॉलमध्ये थंडगार हवा व गुळगुळीत फरशी आहे तेथे एकही प्रश्न नाही, हा पंक्तिप्रपंच आता पुरे झाला. पुढच्या वेळी ‘मर्यादित आवृत्ती’ची दवंडी कानी पडेल तेव्हा तेथेही तसेच विचारावे : किती काढले, कोणाच्या हातांनी काढले, आणि मागणी असता का थांबविले? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर साडी खुशाल घ्यावी, हौसेने नेसावी. न मिळाली तर पिशवी तशीच खांद्यावर टाकून बाहेर पडावे. स्टेशनाच्या वाटेवर दुकाने पुष्कळ आहेत, आणि तेथला माल संपलेला नसतो.